कर्ज, कॉम्प्युटर आणि कमिटी

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही ते एआय आणि फायनान्सचं वर्कशॉप भरवता म्हणे! मग कोणता शेअर घ्यायचा ते सांगतात का हो तिथे?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही आशा असते की नाही म्हणायला जड जातं. पण नाहीच. तिथे कोणी टिप देत नाही. ज्याला खरोखर चालणारी युक्ती सापडली आहे तो ती चारचौघांत येऊन कशाला सांगेल? तो गप्प बसून पैसे करील. ज्याला माहीत आहे तो बोलत नाही आणि जो बोलायला तयार आहे त्याच्यापाशी डेटा नाही, हीच तर ही वर्कशॉप्स भरवण्यातली खरी पंचाईत आहे.

मी गेली काही वर्षं अशा वर्कशॉप्सच्या प्रोग्रॅम कमिटीवर काम करते. म्हणजे आलेले पेपर वाचायचे, इतरांना वाटायचे, त्यांच्या मागे लागून रिव्ह्यू मिळवायचे, आणि वेळ पडली तर पोस्टरचे बोर्डही उचलायचे. मंडळाच्या गणपतीचा अनुभव इथे फार कामाला येतो. हे सगळं आपल्या अंकात लिहायचं कारण एवढंच, की इथल्या बहुतेक मराठी घरांचा या विषयाशी दोन्ही बाजूंनी संबंध आहे. जर्सी सिटी, शार्लट, विल्मिंग्टन इथल्या बँकांच्या कॉम्प्युटर विभागांत आपली किती माणसं आहेत ते मंडळाची यादी काढली की कळतं. आणि घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड यांचे अर्ज करताना त्याच यंत्रासमोर आपण उलट्या बाजूने उभे असतो.

नागपूरला जन्मलेले आणि २००७ ते २०१२ या काळात सिटीग्रुपचे प्रमुख असलेले विक्रम पंडित २०१७ साली म्हणाले होते की पाच वर्षांत बँकांतल्या ३० टक्के नोकऱ्या या तंत्रामुळे जाऊ शकतात. ती पाच वर्षं केव्हाच उलटली, तेवढं काही झालं नाही. पण त्या बातमीनंतर आमच्याकडे चौकशा करणाऱ्यांची संख्या मात्र एकदम वाढली होती!

हा प्रकार चॅटजीपीटीपासून सुरू झाला असं समजू नका. १९८९ साली स्टॅनफर्डला एआयचा प्रत्यक्षात उपयोग करणाऱ्यांची पहिली परिषद भरली, तीत अमेरिकन एक्सप्रेसने आपला एक प्रोग्रॅम मांडला होता. त्यांच्या कार्डाला आधीपासून ठरलेली मर्यादा नसायची. मोठी खरेदी असली की दुकानातून कंपनीला विचारणा जायची आणि तिथला माणूस पटापट एकामागून एक स्क्रीन बघून हो किंवा नाही सांगायचा. गिऱ्हाईक तिकडे काउंटरपाशी ताटकळत उभं! जाणकार माणसांची विचार करण्याची रीत शेकडो नियमांत बसवून हा प्रोग्रॅम त्याला सल्ला द्यायचा. मग ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कला 'वॉल स्ट्रीटवरील एआय' या विषयाला वाहिलेली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. ती भरवली पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीने, म्हणजे ब्रुकलिनच्या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजने. तेच आता एनवाययूचं टँडन स्कूल आहे. २०१५ साली चंद्रिका आणि रंजन टँडन यांनी १० कोटी डॉलर्स दिले म्हणून हे नाव. (याच चंद्रिकाबाईंना २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं.)

त्यानंतर १९९३ साली लंडन बिझनेस स्कूलमध्ये न्यूरल नेटवर्क आणि शेअरबाजार या विषयावरची परिषद सुरू झाली. कॅलटेकचे यासर अबू-मुस्तफा हे त्यातलं मोठं नाव. ती कधी लंडनला तर कधी पॅसाडिनाला भरत भरत जानेवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न स्कूलमध्ये आली. १९९५ पासून विद्युत इंजिनियरांच्या संस्थेचीही एक परिषद न्यूयॉर्कला होऊ लागली. पुढची बरीच वर्षं एआय हे नाव घ्यायला लोक कचरत. काम चालूच होतं, पण 'क्वांट' या नावाखाली आणि दारं लावून. ७ डिसेंबर २०१८ रोजी माँट्रियलला न्युरिप्स या मोठ्या परिषदेत बँका आणि एआयवर एक दिवसाचं वर्कशॉप झालं आणि दार पुन्हा उघडलं. अचूकपणाच्या बरोबरीने न्याय्यता, कारण सांगता येणं आणि खासगीपणा हे शब्द त्याच्या नावातच होते. त्या वर्षी मूळ परिषदेची तिकिटं अकरा मिनिटं आणि अडतीस सेकंदांत संपली होती. बालगंधर्वला इतक्या लवकर हाऊसफुलचा बोर्ड लागल्याचं मला तरी आठवत नाही. २०२० साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या नावाखाली या विषयाची स्वतंत्र परिषद सुरू झाली. पहिली दोन वर्षं ती कोविडमुळे घरबसल्या झाली, २०२२ ला न्यूयॉर्कमध्ये, २०२३ आणि २०२४ ला ब्रुकलिनमध्ये आणि २०२५ ला सिंगापूरला.

आता प्रत्यक्ष भरवण्याबद्दल. वर्कशॉप म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या परिषदेच्या अंगणात घातलेला छोटा मांडव. आधी त्या परिषदेकडे अर्ज करायचा: विषय काय, लोक कोण येणार, वक्ते कोण, कमिटीत वेगवेगळ्या संस्थांची माणसं आहेत ना? मंजुरी आली की पेपर मागवायचे. शेवटच्या तारखेपुढे लिहिलेलं असतं, 'पृथ्वीवर कुठेही'. म्हणजे सगळ्यात मागचं घड्याळ ज्या बेटावर आहे तिथे तो दिवस संपेपर्यंत. आमच्या न्यू जर्सीत तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली असते आणि पुण्यात संध्याकाळचा साडेपाचचा चहा. तरीही निम्मे पेपर शेवटच्या दोन तासांतच येतात. पंचांगातला मुहूर्त एवढा कोणी साधत नसेल!

साठ पेपर आले असं धरा. प्रत्येकाला तीन रिव्ह्यू म्हणजे एकशे ऐंशी. एका माणसाला चारांहून जास्त दिले तर तो फोन उचलत नाही, म्हणजे पंचेचाळीस जाणकार हवेत, तेही फुकट काम करणारे. लिहिणाऱ्याचं नाव वाचणाऱ्याला आणि वाचणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही. एवढं सांभाळूनही निवड किती भरवशाची? २०१४ साली याच न्युरिप्सने (तेव्हा नाव निप्स) एक धाडसी प्रयोग केला. १६६ पेपर दोन वेगळ्या कमिट्यांकडे पाठवले, एकीला दुसरीचा पत्ता नाही. चारांतल्या एका पेपरबद्दल दोघींचं पटलं नाही, आणि एका कमिटीने निवडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पेपर दुसरीने नाकारले होते. तेव्हा आपल्या मुलाचा पेपर परत आला तर घरी सुतक पाळू नका, पुढच्या ठिकाणी पाठवायला सांगा.

या विषयात आणखी एक खोच आहे. फायनान्सचे प्राध्यापक आणि कॉम्प्युटरचे प्राध्यापक ही दोन वेगळी घराणी आहेत. कॉम्प्युटरवाले परिषदेतल्या पेपरला मान देतात, फायनान्सवाले फक्त मासिकांना, आणि त्यांची मासिकं एकेक लेख दोन-तीन वर्षं घोळवतात. म्हणून आम्ही बरेच पेपर 'छापणार नाही, फक्त मांडू' या अटीवर घेतो, नाहीतर फायनान्सवाले येतच नाहीत. बोलण्याची रीतही वेगळी. कॉम्प्युटरवाले शेवटपर्यंत ऐकून टाळ्या वाजवतात. फायनान्सवाले दुसऱ्या स्लाइडलाच हात वर करून "हे कशावरून?" म्हणतात आणि पुढची वीस मिनिटं तिथेच जातात. नवीन विद्यार्थी रडकुंडीला येतो. पण खरं सांगायचं तर मला ही दुसरी रीत जास्त आवडते.

कारण "हे कशावरून?" हा प्रश्न इथे कोणी विचारला नाही की काय होतं याची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्यासारख्यांनी तर जरूर ऐकावी.

बँका आपला डेटा देत नाहीत. देऊही नये, त्यात तुमचे आमचे व्यवहार असतात. मग संशोधक काय करतात? जो थोडाफार उघडा डेटा मिळतो त्यावरच सगळे तुटून पडतात. कार्डावरच्या फसवणुकीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१३ मधल्या दोन दिवसांचे, युरोपातल्या कार्डांचे २,८४,८०७ व्यवहार ब्रसेल्सच्या एका विद्यापीठाने खुले केले. त्यात फसवणुकीचे फक्त ४९२. जो प्रोग्रॅम डोळे मिटून प्रत्येक वेळी 'सगळं ठीक' म्हणेल तोही ९९.८ टक्के बरोबर ठरेल! दर वर्षी आमच्याकडे "आमचं मॉडेल ९९ टक्के अचूक" असं मिरवणारे पेपर येतात, ते आम्ही पहिल्या पानावरच ओळखतो.

कर्जाचं उदाहरण त्याहून बोलकं. १९९४ साली अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात एक जर्मन डेटा आला: एक हजार कर्जदार, सातशे चांगले, तीनशे बुडवे, प्रत्येकाची वीस प्रकारची माहिती. जगातल्या विद्यार्थ्यांनी कर्जाचं मॉडेल शिकावं ते यावर. या वीस रकान्यांतला शेवटचा रकाना आहे 'फॉरेन वर्कर', हो की नाही. आणि हजारांतल्या ९६३ जणांपुढे 'हो' लिहिलेलं. म्हणजे जर्मनीतल्या त्या बँकेतून कर्ज घेणारे जवळजवळ सगळे परदेशी कामगार! पंचवीस वर्षं लोकांनी यावर पेपर लिहिले, परक्यांवर अन्याय होतो का याचीही गणितं याच रकान्यावर मांडली. २०१९ साली बर्लिनच्या संख्याशास्त्रज्ञ उल्रिके ग्र्योम्पिंग यांनी जुनी जर्मन कागदपत्रं काढून तपासलं. डेटा निघाला दक्षिण जर्मनीतला, १९७३ ते १९७५ मधला. रकाना उलटा भरला गेला होता. परदेशी होते ते ३७. एवढंच नाही, स्त्री-पुरुष म्हणून लोक जो रकाना वापरत होते त्यातून बाई कोण आणि पुरुष कोण हे नीट काढताच येत नाही, हेही त्यांनी दाखवलं.

हे एखाद्या वर्कशॉपमध्ये कोणी दुसऱ्या स्लाइडला विचारायला हवं होतं. ९६३? हे कशावरून? एखादा 'फॉरेन वर्कर' समोर बसला असता तर त्याच्या ते लगेच लक्षात आलं असतं असं मला उगाच वाटतं. आपण एच-वनवर आलो तेव्हा पाच वर्षांची चांगली नोकरी, बँकेत पैसे, आणि तरी क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून पहिलं कार्ड मिळवताना काय झालं होतं ते आपल्या पिढीने पाहिलंय. यंत्राच्या दृष्टीने आपण कालच जन्मलो होतो. तेव्हापासून माझा कमिटीत एक हट्ट असतो: डेटा कुठला, कोणत्या सालचा, कोणी भरला, हे पेपरमध्ये लिहिलं नसेल तर मॉडेल कितीही देखणं असो, तो पेपर व्यासपीठावर नको. यावर दर वर्षी वाद होतो. काही वेळा मी हरते.

डेटा मिळाला तर काय होऊ शकतं तेही सांगते. फायको, म्हणजे तुमचा-आमचा क्रेडिट स्कोअर काढणारी कंपनी, हिने घरावरच्या कर्जाचे दहा हजारांच्या आसपास अर्ज नावं काढून टाकून खुले केले आणि स्पर्धा लावली: कोण फेडेल ते ओळखा, आणि तुमच्या यंत्राने तसं का ठरवलं ते समजावून सांगा. बहुतेकांनी काळ्या पेटीसारखं गुंतागुंतीचं मॉडेल करून मग त्याला वरून खुलासा चिकटवला. ड्यूक विद्यापीठातल्या सिंथिया रुडिन यांच्या गटाने विचारलं, पेटी काळी कशाला हवी? त्यांनी मुळातच कोणालाही वाचता येईल असं मॉडेल केलं आणि ते अचूकपणात उत्तमातल्या उत्तम काळ्या पेटीहून जेमतेम एखाद्या टक्क्याने वेगळं निघालं. २०१८ च्या त्याच माँट्रियलच्या अधिवेशनात निकाल ऐकायला खोली खच्चून भरली होती, आणि या गटाला फायकोने खास गौरव दिला. एक डेटा उघडा झाला म्हणून एवढं कळलं.

गावाकडच्या पतसंस्थेत कर्ज देणारे मॅनेजर आठवून पाहा. अर्जदाराच्या तीन पिढ्या त्यांना तोंडपाठ. अन्याय तेही करायचे, कोणाचा कोण आहे ते बघून करायचे. पण निदान भांडायला समोर माणूस होता.

वर्कशॉपला पैसा लागतो, आणि या विषयात तो कोणापाशी आहे ते सांगायला नको. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर हे प्रकार आपल्या अधिवेशनासारखेच. बँका देतातही सढळ हाताने, कारण त्यांना आमचे विद्यार्थी नोकरीला हवे असतात. माझं मत असं, की पैसे घ्यावेत, टेबल द्यावं, आभार मानावेत, पण वक्ते निवडायला बसू देऊ नये. एका वर्षी एका मोठ्या संस्थेतला वक्ता आदल्या रात्री गळाला. पेपर उत्तम, त्याची तयारी उत्तम, पण त्यांच्या वकिलांना एका आकृतीत कंपनीचं गुपित दिसलं. सकाळी साडेआठला आम्ही एका विद्यार्थिनीला पोस्टरवरून उचलून व्यासपीठावर उभं केलं, आणि तिचं भाषण त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं झालं. आता मी दर वेळी एक हुशार विद्यार्थी राखीव ठेवते.

व्हिसाचं तर विचारूच नका. माँट्रियलच्या त्या अधिवेशनाला आफ्रिकेतल्या कितीतरी संशोधकांना कॅनडाने व्हिसा नाकारला, त्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. आपली इथली मुलं-मुलीसुद्धा पासपोर्टवरचा स्टँप संपलेला असला की देशाबाहेरच्या परिषदेचं नाव काढत नाहीत. म्हणून जागा ठरवताना मी पहिला प्रश्न हॉलच्या भाड्याचा विचारत नाही, विद्यार्थी परत येऊ शकेल का हा विचारते. (दुसरा प्रश्न शाकाहारी जेवणाचा. सॅलडला जेवण म्हणणाऱ्या केटररशी माझं अजून पटत नाही.)

कोणाला बोलवायचं यातही बरंच काही आहे. नुसते प्राध्यापक आणि बँकवाले बोलावले की दोघं एकमेकांचं कौतुक करून घरी जातात. नियम तपासणारे सरकारी अधिकारी, गरीब वस्तीत कर्जाचा सल्ला देणाऱ्या संस्थांमधले लोक, एखादा वकील, अशी माणसं मध्ये बसवली की खोलीचा सूर बदलतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपल कार्डवरून गदारोळ झाला होता तो आठवत असेल. एका नामवंत प्रोग्रॅमरने ट्विटरवर तक्रार केली की नवरा-बायकोचा आयकर एकत्र, तरी बायकोपेक्षा नवऱ्याची मर्यादा वीसपट. न्यूयॉर्क राज्याने चौकशी केली. मार्च २०२१ च्या अहवालात कायदा मोडल्याचं आढळलं नाही, पण ग्राहकांना नीट कारणं सांगितली जात नव्हती यावर बोट ठेवलं. त्यानंतर कारण कसं सांगायचं याच्यावरचे पेपर आमच्याकडे पूर आल्यासारखे येऊ लागले.

या कारणाचा तुमच्या घराशी थेट संबंध आहे. १९७४ च्या कायद्याने, आणि त्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने, कर्ज देताना स्त्री-पुरुष, वंश, धर्म, मूळ देश यांवरून भेद करायला इथे बंदी आहे. (इमिग्रेशनचं स्टेटस विचारात घेता येतं, ती गोष्ट वेगळी.) अर्ज पूर्ण भरून दिल्यापासून तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नकार असेल तर पत्रात नेमकी कारणं हवीत, किंवा ती मागण्याचा तुमचा हक्क लिहिलेला हवा. तो साठ दिवसांच्या आत वापरायचा. क्रेडिट रिपोर्टवरून नकार दिला असेल तर तो रिपोर्टही साठ दिवसांत फुकट मागवता येतो. आपले लोक हे पत्र चुरगाळून फेकून देतात आणि दुसऱ्या बँकेत अर्ज करतात. फेकू नका. नव्याने आलेल्या मुलांना, सुनांना, भाच्यांनाही सांगा.

आता यातली नवी अडचण. काळ्या पेटीने नकार का दिला हे शोधायच्या चार-पाच गणिती रीती आहेत. हार्वर्ड आणि इतर ठिकाणच्या काही संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की एकाच निर्णयाला वेगवेगळ्या रीती वेगवेगळी कारणं देतात. एक म्हणते क्रेडिट हिस्टरी छोटी, दुसरी म्हणते उधारी जास्त. अर्जदार तोच, यंत्र तेच. मग पत्रावर छापायचं कोणतं? बँकेला सोयीचं ते? हा प्रश्न आम्ही येत्या वर्कशॉपच्या विषयांत पहिल्या ओळीत घातला आहे, आणि त्या सत्रासाठी एक प्राध्यापक, एक बँकवाला आणि असं पत्र घरी आलेला एक माणूस अशा तिघांना एकाच टेबलावर बसवायचं ठरलं आहे. पहिले दोघं मिळाले, तिसऱ्याचा शोध चालू आहे.